दादा, रिंग अजून कडक आहे

लाँड्री, सोमवार, १२ तारीख, दुपार
(दोन नंबरचं मशीन कपडे पिळतंय, त्यामुळे टेबल हलतंय आणि अक्षर वाकडं येतंय. हात माझा कापत नाही, याची नोंद घ्यावी.)

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. म्हणजे कागदावर साष्टांग. प्रत्यक्षात सध्या मला उजवा गुडघा टेकवता येत नाही, का ते पुढे येईलच. वहिनीलाही नमस्कार. तिची कंबर कशी आहे? तुझा रक्तदाब काय म्हणतो? आणि तुझं वजन तेवढंच आहे ना? (वहिनी तुला हल्ली उकडलेलंच खायला घालते असं कानावर आलंय. तिला म्हणावं, पंधरा दिवस दम धर. वजनाचं मी उगाच विचारत नाहीये.)

तुझं चार पानी पत्र पोचलं. मुद्देवार, आकडे घातलेलं, शेवटच्या मुद्द्याखाली दोन रेघा ओढलेलं. कारखान्यात तीस वर्षं सुरक्षा अधिकारी होतास ते लगेच कळतं, पत्राच्या सुरुवातीला हेल्मेट घालायची सूचना तेवढी राहिली. तुझं म्हणणं असं, की यांची मोटरसायकल मी विकून टाकावी, तू गिऱ्हाईक बघितलंयस, माणूस सज्जन आहे, पंचवीस तारखेच्या रविवारी येऊन घेऊन जाईल. आणि सत्तावन्नाव्या वर्षी बाईमाणसाने दगडधोंड्यांतून गाडी उडवणं बरं दिसत नाही, लोक काय म्हणतील.

दादा, लोक काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, त्यांचे कपडे माझ्याकडेच धुवायला येतात. आणि गाडीचं म्हणशील तर, नाही. विकणार नाही. त्या सज्जन माणसाला सांग, पंचवीस तारखेला गाडी रिकामी नाही. त्या दिवशी क्लबची टेकडीची शर्यत आहे आणि वयस्करांच्या गटात सातवा नंबर माझा आहे. नंबराची पाटी गाडीला लावूनसुद्धा झाली. चार स्क्रूंनी.

आता तू खुर्चीतून उठून उभा राहिला असशील. (राहा, उभाच राहा, ते पुढे उपयोगाचं आहे.) लोक निवृत्त झाल्यावर बाग करतात, यांनी मोटरसायकल केली, हे तुला माहीत आहे. तू तेव्हाही चार पानी पत्र पाठवलं होतंस. दोन वर्षं हे त्या शर्यतीत उतरले. वाटेत एक कोरडा ओढा लागतो, माणसाच्या डोक्याएवढे दगड, सगळे सुटे. दोन्ही वर्षी यांची गाडी बरोबर ओढ्याच्या मध्यावर बंद पडली आणि दोन्ही वर्षी मी काठावर पाण्याची बाटली घेऊन उभी होते. दुसऱ्या वर्षी पाणी पिता पिता म्हणाले, तुला जमेल हे, तुझा तोल माझ्यापेक्षा चांगला आहे. मी म्हटलं, आधी तोंड पुसा. त्यानंतर तिसरं वर्ष उजाडायच्या आत हे गेले. मला त्यांची फार आठवण येते दादा, आणि मला तो ओढा पार करायचाय. दोन वर्षं दर गुरुवारी लाँड्री बंद ठेवून जुन्या खाणीच्या मैदानात गाडी शिकले, ते काय मुंग्या मोजायला?

तर अडलंय फक्त रिंगपाशी. रिंग म्हणजे काय हे सांगायला हवं, कारण तू लिहिलंयस की टायरमध्ये हवा नीट भरून गिऱ्हाइकाला दाखव. अरे, या टायरमध्ये हवा नसते! ट्यूबही नसते. आत टायरच्या आकाराचं जाडजूड फोमचं कडं असतं, दंडाएवढं जाड. (तुझ्या दंडाएवढं.) खिळा घुसो, धारदार दगड लागो, पंक्चर म्हणून होत नाही. सुरक्षित, दादा, तुझा लाडका शब्द. पण नवी रिंग असते कडक, मुरावी लागते. मुरलेली रिंग असली की चाक दगडावर दबतं, त्याला धरतं आणि वर चढतं. कडक असली की टुण्णकन उडतं. यांची जुनी रिंग छान मुरलेली होती, पण तीन वर्षांत आकसून टायरमध्ये खुळखुळायला लागली, म्हणून नवी आणली. टायरवाल्या मिस्त्रीने आणि मी मिळून ती मागच्या चाकात बसवली. त्याला लागतात तीन लोखंडी पट्ट्या, अर्धा डबा बुळबुळीत जेल आणि चार गुडघे. जेल अशासाठी की रिंग आतल्या आत घासून तापू नये. टायरच्या निम्म्या जेलने मी माखले आणि मिस्त्री दोनदा माझ्या हातातून निसटला.

मग खाणीत गेले. पहिला दगड आला, चाक उडालं, गाडी उजवीकडे गेली आणि मी डावीकडे. गुडघ्याचं हे असं झालं. (डावीकडे पडून उजवा गुडघा कसा फुटला हे विचारू नकोस, मिस्त्रीलाही कळलेलं नाही.)

मिस्त्री म्हणाला, पन्नास तास हळूहळू चालवा, आपोआप मुरेल. पन्नास तास! शर्यतीला उरले होते वीस दिवस, आणि मला धंदा आहे. मग म्हणाला, नाहीतर ड्रिलने भोकं पाडू, लगेच मऊ पडते, आणि ड्रिल घेऊनच आला. मी म्हटलं, ते यंत्र आधी खाली ठेव. हे नेहमी म्हणायचे, भोकं पाडलेली रिंग ऐन वेळी फाटते, आणि या बाबतीत यांचा शब्द मी खाली पडू देणार नाही. (इतर बाबतीत पुष्कळ वेळा पाडलाय.) शेवटी मिस्त्री वैतागून, रिंग चाकातून परत काढून म्हणाला, मग घेऊन जा घरी, ऊब द्या, दाबा, तुडवा, काय हवं ते करा.

ऊब द्यायची आणि दाबायचं, म्हणजे माझाच धंदा की रे! मी ती रिंग सरळ वाळवणाच्या मशीनमध्ये टाकली. आच मंद ठेवली, आणि ती आत आपटू नये म्हणून सोबतीला हॉटेलचे चाळीस टॉवेल. अक्कल चालवली होती बरं का! फक्त एक राहिलं. रिंगला जेल तसंच होतं. मशीन अर्धा तास धाडधाड नाचलं, भिंतीपासून हातभर पुढे आलं, आणि टॉवेल बाहेर आले ते असे मऊ, असे तुकतुकीत, की मी स्वतः एक गालाला लावून बघितला आणि खूश होऊन पाठवून दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलचा मॅनेजर दारात. लोक अंघोळ करून अंग पुसतात आणि पुसल्यावर जास्तच ओले होतात म्हणे. टॉवेल पाणी टिपायचंच नाव घेईना, नुसतं अंगभर फिरवून आणतो. एका पाहुण्याने तीन टॉवेल वापरले आणि शेवटी चादर गुंडाळून नाश्त्याला आला. मी म्हटलं, साहेब, पाणी पीत नाहीत म्हणजे टॉवेल वाळवायला किती सोपे झाले बघा. त्याला ते पटलं नाही. चाळीसच्या चाळीस टॉवेल गरम पाणी आणि सोडा घालून तीन वेळा धुऊन दिले. चूक माझी होती, धुऊन दिली. पण मान खाली घातली नाही. रिंगही त्याच पाण्यात स्वच्छ धुऊन निघाली, हा वरचा फायदा.

धुतलेली रिंग निथळायला म्हणून आमच्या इस्त्रीमास्तरांच्या टेबलाखाली आडवी टाकली, आणि इथून गोष्ट फिरली. मास्तर तुला आठवत असतील, वहिनीच्या साडीची घडी बघून तू वा म्हणाला होतास. बावीस वर्षं आमच्याकडे आहेत. इस्त्रीचं टेबल सासऱ्यांनी बांधलेलं, सासरे सहा फूट, आणि मास्तर जेमतेम पाच. बावीस वर्षं माणूस खांदे कानापर्यंत चढवून इस्त्री करतोय आणि संध्याकाळी मानेला मलम चोळतोय. त्या दिवशी त्यांचा एक पाय चुकून रिंगवर पडला, तोल जाऊ नये म्हणून त्यांनी दुसरा पाय समोरच्या बाजूवर ठेवला, आणि तसेच थांबले. साडेचार इंच वर! खांदे खाली आले. कोपर टेबलाला बरोबर लागलं. मास्तरांच्या तोंडावर काहीतरी पसरलं, आधी मला वाटलं दाढ दुखतेय. हसत होते.

त्या दिवसापासून मास्तर रिंगवर. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, पाय फाकवून, नावाड्यासारखे. मला काय, आयताच तुडवणारा मिळाला. दर तासाला मी ओरडते, मास्तर, उतरा, रिंग हातभर फिरवते, नाहीतर दोनच ठिकाणी मुरायची आणि चाक लंगडायचं. ते कुरकुरत उतरतात, टुणकन परत चढतात. पण आता म्हणतात, ही रिंग गेली की मीही जातो. मी फळी ठोकून देते म्हटलं तर म्हणाले, फळी पायाला लागते, ही माया करते. शेवटी शर्यत झाली की रिंग त्यांनाच द्यायची कबूल केलंय. खरं सांगू, बावीस वर्षांत त्या माणसाला साडेचार इंच उंच करायचं माझ्या डोक्यात आलं नाही, याची लाज वाटली. टॉवेलांची नाही वाटली तेवढी.

काल मिस्त्री बघायला आला. बोटाने दाबलं, मुठीने दाबलं, गुडघ्याने दाबलं. म्हणाला, वरून छान मऊ झालीये, पण गाभा अजून कडक आहे. मास्तर चांगला माणूस आहे, पण सेहेचाळीस किलोचा. गाभ्यापर्यंत पोचायला नव्वदच्या पुढचा माणूस हवा.

असो. माझं म्हणणं थोडक्यात हे, की गाडी विकणार नाही, शर्यत सोडणार नाही, आणि हे पत्र परवानगी मागायला लिहिलेलं नाही, कळवायला लिहिलंय. सत्तावन्न वर्षांची बाई आहे मी, स्वतःचा धंदा चालवते. मला कोणाच्या सहीची गरज नाही.

वहिनीला जप. मुलीने (तुझ्या भाचीने) नमस्कार सांगितलाय. या शर्यतीपायी ती माझ्याशी बोलत नाहीये, पण नमस्कार सांगितलाय.

तुझी हट्टी धाकटी बहीण

ता. क. १ : सोबत क्लबचा फॉर्म जोडलाय, त्यावर सही हवी, नाहीतर दिलेला नंबर काढून घेतील. चिडू नकोस. अठराच्या आतल्या आणि पंचावन्नच्या पुढच्या लोकांसाठी क्लबने एकच फॉर्म छापलाय, आणि त्यात 'पालकाची सही' असा रकाना आहे. मी क्लबात जाऊन भांडले. म्हटलं, सत्तावन्न वर्षांच्या बाईला कुठला पालक? ते म्हणाले, घरातलं वयाने मोठं कोणीही चालेल. घरी येऊन विचार केला, दादा. आई गेली, बाबा गेले, हे गेले. त्या रकान्यात बसेल असा तू एकटाच उरलायस.

ता. क. २ : फॉर्म पोस्टाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये, वीस तारखेच्या आत. तुझं वजन चौऱ्याण्णव आहे हे वहिनीने फोनवर सांगितलंय, तेव्हा लपवू नकोस. तुला ती चारही पानं माझ्या तोंडावर ऐकवायची असतील ना? ऐकव. तू बोलायला लागलास की दोन-दोन तास खाली बसत नाहीस, सगळ्या घराला माहीत आहे. मी समोर बसते, सगळं ऐकून घेते, एक अक्षर उलट बोलत नाही. तीन दिवस बोल. फक्त रिंगवर उभा राहून बोल, आणि मी सांगेन तेव्हा हातभर सरक. मास्तरांना मी तीन दिवस सुट्टी दिलीये. (ते उद्घाटनाला येणार म्हणतात.)

ता. क. ३ : त्या सज्जन गिऱ्हाइकाला आणू नकोस. पण पंचवीस तारखेपर्यंत तू मात्र थांब. ओढ्याच्या काठावर पाण्याची बाटली घेऊन उभं राहायला माणूस लागतो. ते काम मी दोन वर्षं केलंय, अवघड काही नाही. फक्त गाडी मध्यावर पोचली की डोळे मिटायचे नाहीत.