पुढची खोली नागूबाईंची

मी, मथुराबाई व्यंकट पडवळ, वय ७४ वर्षे, सेवानिवृत्त लिपिक, राहणार धाराशिव, हे मृत्युपत्र कुणाच्या धाकाने वा भरीला पडून नव्हे, तर पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. शुद्धीबद्दल डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. दुसऱ्यांच्या मृत्युपत्रांच्या नकला मी चोवीस वर्षे केल्या. भांडण कोणत्या शब्दाला लागते ते मला ठाऊक आहे, म्हणून माझी कलमे थोडी लांबतील.

१. माझे यजमान व्यंकट हे बेलिफ होते. १९८४ साली समन्स बजावायला नळदुर्गकडे सायकलवर जात असताना अपघातात वारले. पुढच्या वर्षी अनुकंपा तत्त्वावर मला या जिल्ह्यातील एका दिवाणी न्यायालयाच्या नक्कल विभागात घेतले. तेव्हा मुलगा रणधीर सात वर्षांचा होता. ज्या घरात बसून हे लिहिते आहे, ते मी त्या नोकरीवर बांधले आहे. ते वडिलोपार्जित नाही. सबब त्याची व्यवस्था लावण्याचा अधिकार माझ्या एकटीचा आहे.

२. मराठी टंकलेखन यंत्र व फाईल शिवण्याचे दाभण नात आरोही हिला द्यावे. यंत्राचा 'क्ष' अडकतो, जरा जोराने दाबावा. दाभण मला रेकॉर्डकीपर आण्णासाहेबांनी पहिल्या दिवशी दिले होते. कचेरीत मी एकटीच बाई. पण दुपारी ते आपला डबा माझ्या टेबलावर आणून उघडत आणि म्हणत, "बाई, शेंगाची चटणी आणलीय, भाकरी काढा." त्या रेकॉर्ड रूमचा वास, जुना कागद, डिंक आणि खिडकीबाहेरचा लिंब, अजून डोळे मिटले की येतो. आरोहीने यंत्र विकू नये.

३. पेन्शनच्या खात्यातील शिल्लक व दोन पाटल्या रणधीरच्या.

४. त्या वेळचे आमचे हेडक्लार्क, ज्यांनी पहिल्याच आठवड्यात "बायामाणसांनी लोणची घालावीत" असे सर्वांदेखत म्हटले, ते हयात आहेत. त्यांना माझ्या तेराव्याचे आग्रहाने बोलावणे करावे. पानात लोणचे वाढू नये.

५. आता घर. रणधीर, हे कलम दोनदा वाच.

घरात माझ्यासोबत नागूबाई खापरे राहतात, मूळ राहणार बेंबळी. त्यांची माझी भेट १९८८ सालची. नवरा गेल्यावर त्यांनी १९७९ साली दिराविरुद्ध जमिनीच्या हिश्श्याचा दावा लावला आणि जिंकला. पण दीर म्हणे, निकाल झालाच नाही. तलाठ्याने निकालाची नक्कल आणायला सांगितले, आणि आमच्याकडे फाईल सापडेना. दर शनिवारी ही बाई एसटीने यायची, दारात उभी राहायची. मी म्हणायची, "बसा. शोधतेय." असे आठ महिने गेले. मी जेवणाच्या सुट्टीत जुन्या फायलींचा कापडात बांधलेला एकेक बस्ता सोडत होते.

शेवटी फाईल सापडली ती १९७१ च्या बस्त्यात. फायलींची फाटलेली वेष्टने बदलून त्यांवर वर्ष घालताना कुणीतरी एकोणऐंशीचा नऊ एकासारखा काढला होता. ते अक्षर माझे होते, नोकरीच्या पहिल्या महिन्यातले. आण्णासाहेबांनी वेष्टन पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि नवे वेष्टन पुढे सरकवले. नागूबाईंना नक्कल मिळाली, सातबाऱ्यावर नाव लागले. त्यांनी पहिल्या पिकाची ज्वारी डोक्यावर घेऊन माझे घर गाठले. मी ती घेतली आणि गप्प राहिले. सदतीस वर्षे गप्प राहिले.

हे इथवर लिहून काल त्यांना वाचून दाखवले. त्या तूर निवडत होत्या. म्हणाल्या, "व्हय का? मग बरंच झालं की बाई. आठ महिने दर शनिवारी कुणीतरी मला 'बसा' म्हणत हुतं. घरी कोण म्हणत हुतं?"

अकरा वर्षांपूर्वी बेंबळीचे त्यांचे घर पडले. त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला माझ्याकडे आठ दिवसांसाठी आल्या आणि राहिल्या. गेल्या दिवाळीत तू त्यांना विचारलेस, "नागूमावशी, तुम्ही गावाकडं कधी जाणार?" तू हसून विचारलेस, घर विकून पुण्यात मोठा फ्लॅट घ्यायचे तुझ्या मनात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गाठोडे बांधून फाटकापाशी बसल्या होत्या. मी म्हटले, "आत या." त्या म्हणाल्या, "म्या कोण लागते वो?" त्या दिवशी मी नुसते गाठोडे उचलून आत नेले. उत्तर आज लेखी देते.

घराची पुढची खोली, मोरी व स्वयंपाकघराचा वापर नागूबाईंकडे तहहयात राहील. त्या हयात असेतो घर विकू नये, गहाण टाकू नये, भाड्याने देऊ नये. त्यांच्या पश्चात घर पूर्णपणे रणधीरचे.

६. आज साक्षीदार आले तेव्हा नागूबाई लुगडे बदलून येऊन बसल्या. म्हणाल्या, "मला बी सही करू द्या." मी समजावले, की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष घालू नये, पुढे वाद निघतो.

"मग माझं नाव खोडा की," त्या म्हणाल्या. "खोलीचं काय, म्या ऱ्हातेच हाय. सही करू द्या."

नाव खोडलेले नाही. या कागदावर खाडाखोड नाही.

लिहून ठेवणार : मथुराबाई व्यंकट पडवळ (सही)

आमच्यासमक्ष सही केली :
१) डॉ. मोनिका शेरकर (सही)
२) ॲड. कुलदीप गपाट (सही)

ठिकाण : धाराशिव
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५