अर्हूचं कातडं

घाटकोपर,
४ फेब्रुवारी १९८५

चि. चंद्रप्रकाशला आईचे पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही बरी आहोत, तू बोटीवर जपून असशील.

वनमालेला देवगडला तिच्या माहेरी पोचती केली. दोन वेळा पोट पडलं, या खेपेला उठबस नको असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. घर मोकळं झालं नि मला एक खूळ लागलं. तू लग्नाच्या वर्षी शांघायहून आणलेली ती चिनी सारंगी, अर्हू की काय, कपाटावरून पुसायला काढली ती मांडीवरच राहिली.

हसू नको झिला. गज दोन तारांच्या मधे अडकलेला दिसला, मला वाटलं तूच गुंता केलायस. सोडवून सोडवून बोटं दुखली. मग कळलं, तो तसाच असतो. पुढे ढकलला की एक तार बोलते, अंगाकडे ओढला की दुसरी. बोट कुठे ठेवायचं याची दांडीवर खूणसुद्धा नाही. मी आपली जात्यावरची ओवी गुणगुणते नि बोट तिच्या मागे सरकवते. तुझ्या बहिणीची, सुगंधाची मीरा आली होती, म्हणाली, आजी, मांजराची शेपटी सोड. शेजारची जयंती भिंत ठोकते. ठोकू दे मेली. काल ओवीची पहिली ओळ पुरी निघाली! चौथी नापास बाई मी. खालच्या डब्याला ते अजगराचं कातडं ताणलंय ना, ते अंगात आल्यासारखं थरथरतं. बाळ आलं की याच सुरांवर निजवणार.

दोन घास वेळेवर खा नि आठवण ठेव.
तुझी आई

देवगड,
२ मार्च १९८५

ती. आईंस वनमालेचा शि. सा. नमस्कार वि. वि.

मला धाडलेल्या पत्रात तुमच्या ओवीचं वाचून खूप हसले. मीरेला म्हणावं, मांजर मलाही ऐकायचंय. पण एक लिहिल्याशिवाय राहवत नाही. बाबांनी इथे देवाला कौल लावणाऱ्या घाडींना विचारलं. त्यांनी विचारलं, घरात सापाचं काही आहे का. मला एकदम ते कातडं आठवलं. ते घरात आलं नि त्यानंतरच दोन्ही वेळा तसं झालं. तुम्ही इतक्या हौसेनं शिकताय, मला सांगवत नव्हतं. पण झोप लागत नाही. ते घरातून जाईल का?

रागावू नये, मायेत ठेवावं.
वनमाला

घाटकोपर,
११ मार्च १९८५

चि. सौ. वनमालेस अनेक आशीर्वाद.

रागावते कशाला गो. कातडं पाण्यात भिजवून सोडवलं नि सापाला देतात तसा अग्नी दिला, तांब्याचा पैसा ठेवून. राख खाडीत सोडली. जयंतीला आता ठोकायला काही नाही, भाजी मागायच्या निमित्तानं डोकावून जाते. तू खुशाल झोप. बाळाला मी तोंडानं ओव्या म्हणेन, माझ्या गळ्याला कुठे कातडं लागतं.

जिवाला जप म्हणजे मला सगळं मिळालं.
तुझी आई

घाटकोपर,
१९ मे १९८५

चि. चंद्रप्रकाशला आशीर्वाद.

तार मिळाली असेल. मुलगी होती. डोक्यावर जावळ होतं.

वनमालेला मी इकडे आणली. रडली नाही, जेवली नाही. भिंतीकडे तोंड करून पडायची. चाळीच्या गच्चीला कुलूप लावून किल्ली मी कनवटीला ठेवली, यावरून काय ते ओळख. पेज पुढे केली तर एवढंच म्हणाली, "आई, आता तर सापही नाही घरात. म्हणजे मीच."

मग मी खोटं बोलले. म्हटलं, कातडं जाळलंच नाही. वाजवायचा सोस सुटेना, म्हणून सगळं जोगेश्वरीला सुगंधाकडे नेऊन ठेवलं, तिथे जाऊन वाजवत होते. तशी तिनं पेजेचं भांडं फेकलं, मला नाही नाही ते बोलली, नि पोटातून रडली. संध्याकाळी उठून आपल्या हातानं भात वाढून घेतला. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. जेवते मात्र.

तुला खरं ठाऊक असावं म्हणून लिहिते. कातडं जळालं, राख गेली. उघडा डबा नि तारा सुगंधाकडे खरोखरच पोचवल्या, न जाणो वनमाला विचारील. सुगंधालाही पढवून ठेवलंय. तिथे एकदा गज ओढून बघितला, नुसतं खरखरलं. ओवीची दुसरी ओळ कुठे आहे ते आता बोटाला सापडत होतं रे.

रजेवर येशील तेव्हा तिच्यादेखत माझ्यावर रागव. लटकं नको, तिला कळतं. या वयात कसला सोस होता, असं विचार. मी खाली मान घालीन. हे पत्र फाडून समुद्रात टाक.

लोभ आहे तो असू दे, तिच्यासमोर मात्र दाखवू नको.
तुझी आई