छत्तीस घरांतली तिसरी आवृत्ती

बोळिंज, विरार (प.)
रविवार, १९ नोव्हेंबर २००६

प्रिय फेबियन,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. विनयाची कंबर आता ठीक आहे. लुसीवहिनींना सांग, इकडे थंडी पडायला लागली, म्हणजे पहाटे पंखा बंद करावा लागतो इतपत. लोडशेडिंगला मात्र सुट्टी नाही.

तुझी मेल काल सायबर कॅफेत वाचली. राजीनामा मंजूर झाला, बंगलोरचं घर सोडताय, प्रियलचा शाळेचा दाखलाही काढलात. 'एका महिन्यात एकेचाळीसपैकी छत्तीस घरांनी नवी आवृत्ती टाकली, चंद्रहास! आता पूर्ण वेळ आपलंच काम करू,' असं लिहिलंयस. मी तसाच उठून बाहेर आलो. फोन केला नाही. तुझा आवाज ऐकला असता तर पुन्हा खोटं बोललो असतो.

परवा पाचूबंदरला तुझ्या मटिल्डामावशींकडे गेलो होतो. घरातले दिवे आणि पंप चालवणारं आपलं सॉफ्टवेअर त्यांच्याकडे दोन वर्षं आहे. लाइट गेली की त्याचं घड्याळ मागे पडतं आणि पंप भलत्याच वेळी सुरू होतो. तिसरी आवृत्ती तू त्याचसाठी केलीस. मावशींनी त्यावर केव्हाच तोड काढली आहे. दुपारी चर्चची घंटा वाजली की हातातलं काम टाकून आत येतात, कॉम्प्युटरवर बाराची वेळ लावतात आणि परत जातात. मी म्हटलं, "मावशी, नवीन टाकलं की हे करावं लागणार नाही."

"अरे, पन पानी येते ना टाकीत? चाललंय त्याला हात नको लावू, बाबा. आणि फेबियनला सांगू नको, वाईट वाटेल त्याला."

नव्या आवृत्तीची तुझी सीडी बाहेर बोंबील वाळत घातलेल्या काठीला टांगली होती. कावळे येत नाहीत म्हणे.

सगळीकडे हेच, रे. लोक चहा देतात, सीडी घेतात, माझ्या वहीत सही करतात आणि सीडी टीव्हीवर ठेवून देतात. सही मिळाली की मी तुला 'बसवली' म्हणून कळवायचो. वाटलं, आज ना उद्या टाकतीलच, आकडा जरा आधी लिहिला तर काय बिघडलं? मग तुझी उत्तरं यायला लागली, इतकी आनंदाची, की मला थांबताच येईना. खरा आकडा चार आहे. त्यातल्या दोघांनी माझ्याकडून जुनीच परत टाकून घेतली.

तू येऊन इथे काही होणार नाही, फेबियन. जुन्यावर सगळे खूश आहेत, नव्याची वाट कुणीच बघत नाही. राजीनामा मागे घेता येतो का, एकदा विचारून बघ. येणार नाही, हे मलाही कळतंय.

आणखी एक. आलास की आमच्याकडे जेवायला येशीलच आणि तेव्हा दिसेलच, म्हणून आजच लिहितो. त्या चारांत माझं घर नाही. विनयाने हात लावू दिला नाही असं लिहिणार होतो, पण ती बिचारी रोज म्हणायची, टाका एकदाची. मीच टाकली नाही. भीती वाटली मला. तुझ्या कामाची.

ज्याच्या शब्दावर तू घर सोडलंस, तो
चंद्रहास