शेजारची खुर्ची

प्रिय बाईसाहेब,

फोन करू नकोस असं तू जाताना बजावलंस. कानात काही दिवस कुणाचाच आवाज नको, म्हणालीस. म्हणून हा कागद. याला आवाज नाही, आणि कंटाळा आला तर मधेच घडी घालून उशीखाली ठेवता येतो. मावशीला सांग, तिची वरची कवळी तयार आहे. खालची हिरडीला टोचेल अशी शंका आली म्हणून पुन्हा घासायला घेतलीय. तोवर तिला मऊ खायला घाल आणि माझ्या नावाने बोटं मोडू देऊ नकोस. इकडे डॉक्टरांकडून साचे येतायत, मी मेण वितळवतोय, दात बसवतोय. लोक चावतायत. घर जागच्या जागी आहे. स्वयंपाकघरातला नळ तू गेल्यापासून गळायचा थांबलाय, त्याचं मात्र मला वाईट वाटतं. त्यालाही कळलं, आता कुरकुर ऐकायला कुणी नाही.

मला जिराफाबद्दल लिहायचं आहे. वाचून कपाळाला आठ्या पडल्या असतील, तरी वाच. त्याचं हे नाव तूच ठेवलंस, तो विमानतळाच्या टॉवरमध्ये रुजू झाला त्या आठवड्यात. खुर्चीवरून न उठता त्याला धावपट्टीचं पार शेवटचं टोक दिसतं म्हणून. तुझ्याकडे धावपट्टी, म्हणजे उतरणारी आणि उडणारी विमानं; त्याच्याकडे जमिनीवरच्या गाड्या आणि रांगेतली विमानं. एवढी कामाची वाटणी मला पाठ झाली होती, कारण जेवताना तू दुसरं काही बोलायचीच नाहीस. जिराफ आज असं म्हणाला. जिराफाने आज डब्यातलं सगळं खाल्लं आणि वर माझंही संपवलं. मी मान हलवायचो आणि घास नीट चावायचो. दातांचा माणूस आहे, चावणं मला जमतं.

मग कुटुंबीयांसाठी टॉवर उघडला होता तो दिवस. मी तुझ्या मागे भिंतीला चिकटून उभा होतो. तू काचेबाहेर बघत एका वैमानिकाशी बोलत होतीस, आणि बोलता बोलता, न बघताच, डावा हात बाजूला केलास. त्याने न बघताच त्यात विमानाची नोंद असलेली कागदाची एक पट्टी ठेवली. बस्स, एवढंच. आपल्या घरात तू ‘ते दे’ म्हणालीस की मी आधी ‘काय’ विचारतो, मग ‘कुठलं’ विचारतो, आणि तोवर तू उठून स्वतःच घेतलेलं असतं. त्याने तुझा हात हातात धरला असता तर मला निदान भांडता आलं असतं. कागदाच्या पट्टीवरून कसं भांडायचं? घरी येताना तू विचारलंस, कसा वाटला टॉवर? मी म्हणालो, पायऱ्या फार आहेत.

त्यानंतर सरकारने खर्च कमी करायला काढला. ज्यांची नेमणूक नवी, ते एका फटक्यात घरी. जिराफाची उभी हयात या कामात गेलेली, पण बढती घेऊन तो तुमच्याकडे नुकताच आला होता, म्हणून कागदोपत्री नवा. मंत्र्यांनी बातम्यांत सांगितलं की प्रवाशांच्या सुरक्षिततेशी तडजोड नाही, फक्त जादा माणसं कमी केली आहेत. हा ‘जादा’ शब्द मला फार आवडला, बाईसाहेब. माझ्याही मते तो जादाच होता. दुसऱ्या दिवशी मी शीळ घालत काम केलं. एका म्हातारबुवांची कवळी इतकी हसरी झाली की डॉक्टरांनी ती परत पाठवली.

वाटलं होतं, आता तू घरी येशील आणि ताटावर बसून माझ्याशी बोलशील. तू बोलणंच बंद केलंस. दोन्ही कामं तुझ्या एकटीच्या डोक्यावर आली, सुट्टीचा दिवस गेला, आणि मला काय दिसलं? बायको त्याच्यासाठी झुरतेय. समोर असलेल्या माणसाशी बरोबरी करता येते, घालवून दिलेल्याशी कशी करायची? तू गाडी दारात लावून आत यायची नाहीस, बसून राहायचीस. मी पडद्याआडून बघायचो. खात्री होती की त्याच्याशी फोनवर बोलत असणार. एकदा न राहवून बाहेर आलो, काच वाजवली. फोन मागच्या सीटवर पर्समध्ये होता. दोन्ही हात चाकावर, गाडी बंद. तू म्हणालीस, “थांब जरा. कुणी माझ्याशी बोलत नाहीये, ते ऐकतेय.” शहाण्या माणसाला एवढ्यावर कळलं असतं. मी घरात येऊन विचार करत बसलो, की हिला कुणाचं बोलणं आठवत असेल.

त्या सकाळचं तू विसरली नसशील. तू चहा घेता घेता नुसतं म्हणालीस की आज जिराफ असता तर बरं झालं असतं, वारा फिरणार आहे. आणि मी म्हणालो, “बोलावून घे ना त्याला. त्याच्याशिवाय करमत नाही ते दिसतंच आहे.” तू कप मोरीत ठेवलास आणि निघालीस. दाराचा आवाजही केला नाहीस. आपटलं असतंस तर बरं वाटलं असतं.

पुढचं तू मला एकदाच सांगितलंस, भिंतीकडे बघत. ते मी नीट ऐकलं होतं, हे तुला कळावं म्हणून लिहितो. एक पक्षी विमानावर आपटून धावपट्टीवर पडला होता. तो उचलायला निघालेल्या गाडीला तू आत जायची परवानगी दिलीस. तेवढ्यात वारा फिरला, आता कुठल्या टोकाकडून उडायचं ते रांगेतली विमानं एकदम विचारायला लागली, एका कानात जमीन, दुसऱ्या कानात आकाश. आणि उतरणाऱ्या विमानाला तू ‘या’ म्हणालीस. गाडी तुझ्या डोक्यातून निघून गेली होती. ड्रायव्हरला आरशात दिवे दिसले, तो ओरडला, आणि तू विमानाला वर जायला सांगितलंस. ते त्याच्या टपावरून गेलं. कुणाला खरचटलंही नाही. उतरल्यावर प्रवासी उशीर झाला म्हणून कुरकुरले, म्हणे. त्यांना काय माहीत. तू घरी आलीस, बॅग भरलीस, आणि मावशीकडे गेलीस.

तू गेल्यावर चौकशीचा माणूस आला. तुझ्याच खुर्चीत बसला. इतका मऊ बोलणारा माणूस मी पाहिला नाही. घरी काही ताण? झोप बरी लागते का मॅडमना? त्या सकाळी काही बोलाचाली? सगळं सहानुभूतीने. मी जवळजवळ बोलून गेलो होतो. मग त्याच्याकडे बघताना लक्षात आलं. आमच्या धंद्यात साचा आधी येतो आणि दात नंतर त्यात बसतो. याने साचा बरोबर आणला होता, अगदी माझ्या मापाचा. संशयी नवरा, घरातली कटकट, बाईचं लक्ष उडालं. मिटलं. शेजारची खुर्ची रिकामी का होती, हे कुणी विचारायची गरजच नाही. आणि त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. मी म्हणालो, “जे सांगायचं ते चौकशी समितीपुढे येऊन सांगतो.” त्याने चहा अर्धा ठेवला.

पण सांगणार काय होतो मी? तुझ्या कामातलं मला जे ठाऊक ते जेवणाच्या टेबलावरचं, तेही दात-ओठ खात ऐकलेलं. विचारायला एकच माणूस होता. तो आता गाद्यांच्या दुकानात आहे. मी उशी घ्यायला आलोय अशा थाटात आत शिरलो. छतावरच्या दिव्याला डोकं लागू नये म्हणून तो वाकून उभा होता. मला बघून म्हणाला, “मऊ हवी की कडक?” आणि मग, “तिची तब्येत कशी आहे?” मला नमस्कार नाही, मी कसा आहे हेही नाही. तेवढ्यावरच जाळ पेटला, पण मी उशी दाबून बघत राहिलो.

मी सरळ विचारलं, तुम्ही असता तर हे झालं असतं का? गिऱ्हाईक येऊन गेलं. मग तो म्हणाला, “झालं असतं. चूक तिच्याकडून झालीच असती. पण गाडी माझ्याकडे असती. तिने विमानाला ‘या’ म्हटल्याबरोबर मी म्हणालो असतो, गाडी आहे. तिने तिथल्या तिथे शब्द फिरवला असता, आणि आम्ही दोघं ते विसरलो असतो. माझ्या असल्या चुका तिने किती धरल्या ते मला सांगता यायचं नाही. तिथे दोघांना याचसाठी बसवतात.” मी म्हणालो, त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं. तो म्हणाला, “तुमचं भांडण झालं की मला कळायचंच. त्या दिवशी ती पेन्सिल उलटी धरायची. मग मी दिवसभर तिच्याही बाजूला बघत राहायचो. बोलायचो नाही, तिला आवडलं नसतं.”

बाईसाहेब, मी त्या दुकानात उभा होतो, हातात उशी, आणि काय झालं मला ते कसं सांगू. इतकी वर्षं तुझ्याबरोबर राहून तू पेन्सिल उलटी धरतेस हे मला माहीत नव्हतं. आणि मी सकाळी जी आग लावायचो ती हा परका माणूस दिवसभर मुकाट्याने सांभाळत होता, माझ्याविषयी एक अक्षर न बोलता. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्याच्या नाकावर एक ठेवून द्यावीशीही वाटली. नाकापर्यंत हात पोचला नसता म्हणून पहिलं वाटलं तेच धरून ठेवलं. त्याला म्हणालो, हे समितीपुढे बोलाल? काढलेल्यांपैकी काहींना परत घेण्याचं त्या दिवसांत चाललं होतं; बोलला असता तर त्याचं नाव पहिलं कटलं असतं. तो म्हणाला, “दुकान दुपारी बंद असतं. तेव्हाची वेळ मिळाली तर येतो.”

वेळ दुपारचीच मिळाली. मी उभा राहून सगळं सांगितलं. मी संशयी आहे, त्या सकाळी मी तिला टाकून बोललो, ज्याच्यावरून बोललो तो हा इथे बसलाय. समितीत बसलेल्या बाईंनी खाली बघितलं. अध्यक्ष म्हणाले, “म्हणजे भांडणामुळे त्यांचं लक्ष विचलित झालं, हे तुम्ही मान्य करता?” मी म्हणालो, “करतो. पण साहेब, आमचं भांडण लग्नापासून चालू आहे. दोन माणसं होती तेव्हाही आम्ही भांडत होतो, आणि तुमच्यापर्यंत कधी काही आलं नाही. त्या खुर्चीवर बसणारं माणूस कुठल्या तरी घरातूनच येणार. कुणाचं मूल तापलेलं असेल, कुणाचा बाप अंथरुणावर असेल. भांडण न होणारं घर कुठून आणाल? त्यापेक्षा दुसरं माणूस ठेवणं सोपं.” माझा आवाज चढला असावा, कारण जिराफाने माझ्या बाहीला हळूच हात लावला. मग तो बोलला, मला सांगितलं होतं तेच, तेवढंच. पेन्सिलीचं मात्र बोलला नाही. ते त्याने स्वतःपाशी ठेवलं, आणि तेवढ्यावरून मी परतीच्या वाटेवर पुन्हा जळत होतो.

निकाल लागला म्हणायचा तर लागला. चूक तुझी आहे असं लिहिलंय, पण ‘घरगुती ताण’ गाळलंय आणि एकाच माणसाकडे दोन्ही कामं होती, हे एका वाक्यात आलंय. कपातीमुळे झालं असं कुठेही म्हटलेलं नाही. तसं ते म्हणणार नाहीतच. रात्रपाळीला अजून एकेकटेच बसतायत. मंत्र्यांचं ‘तडजोड नाही’ हेच चालू आहे. मात्र तुझ्या पाळीला दुसरं माणूस द्यायचं ठरलं. तुमच्या टॉवरप्रमुखांनी हट्ट धरून जिराफालाच मागून घेतलं. गाद्यांच्या दुकानाला त्याने नोटीस दिलीय.

हे पत्र त्यासाठीच. जाताना दारात तू म्हणालीस, आता सोडतेच ती नोकरी, म्हणजे तुझ्याही जिवाला शांतता. खरं सांगतो, हे वाक्य मी बरेच दिवस कुरवाळलं. तू दिवसभर घरी, जिराफ गाद्या विकतोय, यापेक्षा मला आणखी काय हवं होतं? काल प्रमुखांचा फोन आला. म्हणाले, तो येतोय, मॅडम येणार का? मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, उत्तर तुझं आहे. पण माझं मत विचारशील तर, जा. त्याच्या शेजारी जाऊन बस. माझ्याशी भांडून गेलीस तरी तिथे तुझ्याकडे बघणारं कुणीतरी असेल, आणि तो तो असेल, आणि मला ते आवडणार नाही, आणि तरीही जा. संध्याकाळी घरी आलीस की तो काय म्हणाला ते मला सगळं सांगत जा. मी तोंड वाकडं करेन. ते मनावर घेऊ नकोस, सांगत राहा.

तुझाच,
आणि मावशीच्या खालच्या कवळीचाही देणेकरी,
दातवाला