केशरची निळी फुलदाणी

॥ श्री ॥

सावेडी, अहिल्यानगर
६ जानेवारी २०२५

चि. सौ. चांगुणा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. आधी फोनच केला होता. तो रामहरीरावांनी उचलला. मी दहा मिनिटं बोललो आणि त्यांनी तुला ओरडून सांगितलं की दाजी बरे आहेत. संपलं. तुझं कानाचं मशीन फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं, म्हणून हे पत्र.

तुझ्या अक्काला, केशरला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. तिचं काचेचं कपाट मी वर्षभर उघडलं नव्हतं, त्याकडे बघितलंही नव्हतं, ते परवा उघडलं. तुला माहीतच आहे, भिंगारच्या छावणीतले साहेब बदली होऊन निघाले की त्यांच्या घरची जुनी काच आणायला ही हजर असायची. तिच्या म्हणण्याप्रमाणे सगळ्या फुलदाण्या चेकोस्लोव्हाकियातल्या, पन्नास-साठ सालच्या, चाकावर हाताने नक्षी कापलेल्या. प्रत्येकीखाली चिठ्ठी लावायची, कुठली आणि कधीची, हे तिचं काम राहून गेलं. वर्षश्राद्धाला माणसं येतील, त्याआधी मी ते पुरं करायला घेतलं आहे.

अडचण अशी की या काचेवर सहसा नावगाव नसतं. कागदाचं लेबल चिकटवलेलं असायचं, ते कधीच धुऊन गेलं. मग वजन, रंग आणि नक्षीची धार यांवरून ओळखायचं. साच्यात दाबून केलेली असली तर अंगावर शिवण दिसते आणि कडा बोथट लागतात. कापलेली असली तर बोटाला लगेच कळतं. नागापूरच्या कारखान्यात बारीक मापं घेण्याच्या व्हर्नियरने मापं तपासण्यात सारी नोकरी केली, तोच आता फुलदाण्यांना लावतो आहे. केशर असती तर हसली असती.

आता मुद्दा. तिची सगळ्यात लाडकी निळी फुलदाणी सापडत नाही. अंगावर पाच पाकळ्यांची नक्षी आहे म्हणून केशर तिला वांग्याचं फूल म्हणायची. आमचं भांडणही तिच्यावरूनच. ती चेक म्हणायची, मी देशी, फिरोजाबादची. ते भांडण अर्धवटच राहिलं आहे. तेराव्यानंतर तिची आठवण म्हणून काहीतरी न्या, असं मी सगळ्यांना म्हणालो होतो. तू काय नेलंस ते मला आठवत नाही. निळी तुझ्याकडे आली आहे का? राग मानू नकोस.

घरच्या सर्वांना आशीर्वाद. मायेत कमी करू नये.

तुझा,
अजिनाथ दाजी


तिसगाव, ता. पाथर्डी
१२ जानेवारी

ती. दाजींना चांगुणाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पोस्टमननं दारातून हाका मारल्या, मला काय ऐकू आल्या न्हाईत. शेवटी गोठ्यात येऊन त्यानं पाकीट म्हशीपुढं धरलं, ती तरी घेईल म्हणून.

तुमी राग मानू नको म्हणून लिवलंय, म्हंजी राग येण्यासारखं लिवलंय हे तुमालाबी ठावं हाय. निळी मी नेलेली न्हाई. मी नेली ती जांभळी. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बायांनी घर आवरताना ती धुऊन गॅलरीच्या कठड्यावर उन्हात वाळत ठेवली हुती. अक्काची आठवण म्हणून उचलली, पदराखाली न्हाई, सगळ्यांच्या देखत. अन् दाजी, वांग्याचं फूल कुठं निळं असतं का? इतकी वर्षं वांगी खाल्ली, पण फूल काय बघितलं न्हाई तुमी.

ती आमच्या ओसरीवरच्या कोनाड्यात मजेत हाय. बाजरीची कणसं खोचलीत तिच्यात. मधी एकदा ह्यांनी दाढीचा ब्रश ठिवला हुता, तवा मी अशी काय बोलले की दोन दिवस दाढीच केली न्हाई त्यांनी.

जेवण वेळेवर करत जा. आरती म्हणत हुती, दाजी चहावरच दिवस काढतात. आमची लेक सासरला केडगावात ऱ्हाती म्हणून आमाला तुमची खबर लागती हे ध्यानात ठिवा.

माया हाय ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
चांगुणा


सावेडी
१८ जानेवारी

चि. सौ. चांगुणा हिस अनेक आशीर्वाद.

चहाबद्दलची तक्रार पोचली. आरतीला सांग, मी बिस्किटंही खातो.

पण चांगुणा, आमच्या कपाटात जांभळी फुलदाणी कधीच नव्हती. केशर होती तोवर मी ती निळी कपाटात रोज संध्याकाळी पाहत होतो. सोबत फोटो पाठवतो. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत, लक्ष्मीपूजन झाल्यावर काढलेला आहे. केशरच्या खांद्यामागे बघ. शाईसारखी निळी आहे की नाही? तिच्या काठाला ज्वारीच्या दाण्याएवढा टवकाही दिसेल. तो माझ्या हातून व्हर्नियर लागून उडाला. त्या दिवशी केशरने माझ्या ताटात भाकरी वाढली नव्हती, टाकली होती.

तुझ्याकडून ती कुणाला दिली गेली असेल तर तसं सांग, मी काही म्हणणार नाही. फक्त कुठे आहे ते कळू दे. बाकी सगळ्या चिठ्ठ्या लावून झाल्या, तिची जागा तेवढी मोकळी आहे. ती मोकळी जागा बघवत नाही.

रामहरीरावांना नमस्कार. गैरसमज नसावा, लोभ असावा.

तुझा,
दाजी


तिसगाव
२३ जानेवारी

ती. दाजींना शि. सा. न. वि. वि.

कुणाला दिली गेली असेल म्हंजी काय? अक्काची वस्तू मी लोकांना वाटत फिरते का? तुमाला पायजे तर ही जांभळी उद्याच्या एस्टीनं पाठवते, घ्या अन् कपाटाला कुलूप लावा. तुमच्या फोटोकडं मी बघणारबी न्हाई.

हितवर काल लिवलं हुतं. पुढचं आज लिवते, कारण काल सांजच्याला लई मोठी गंमत झाली.

आमच्याकडं संक्रांतीचं हळदीकुंकू हुतं. ओसरीवर जुना पिवळा बल्ब हाय, त्याच्यानं बायांची तोंडं दिसत न्हाईत म्हणून ह्यांनी भावकीतून ट्यूब आणून लावली. बाया बसल्या, मी बटण दाबलं, अन् कोनाड्यातली जांभळी निळी झाली. दाजी, शाईसारखी निळी! माझ्या हातातलं कुंकू सुकन्याच्या नाकावर गेलं. सुकन्या म्हंजी शेजारची नवी सून. ती म्हणाली, मावशी, तुमच्या अक्का रुसल्या वाटतं.

मी ट्यूब बंद करून बल्ब लावला. जांभळी. पुन्हा ट्यूब, पुन्हा निळी. मग काय, वाण ऱ्हायलं बाजूला अन् पाळीपाळीनं सगळ्या बाया बटण दाबत बसल्या. हे बाहेरनं ओरडत हुते की ट्यूब उसनी हाय, जळली तर भरून कोण देणार. मला काय ते ऐकू आलं न्हाई, सोयीचं बहिरेपण.

बाया गेल्यावर पाकिटातनं तुमचा फोटो काढला. पाच पाकळ्या त्याच. टवका तोच, मी आपली समजत हुते की तो आमच्या ह्यांनी पाडला, अन् गेलं वर्षभर त्याच्यावरनं त्यांना बोलत हुते. आज सकाळी उन्हात नेली तर पुन्हा वांग्याचं फूल.

रागाचं वरचं सगळं माघारी घेते. पण एक इचारते दाजी. अक्काची ही फुलदाणी तुमी दिवसा कधी बघितली का हो?

उत्तराची वाट बघते. माया हायच.

चांगुणा


सावेडी
३० जानेवारी

चि. सौ. चांगुणा हिस अनेक आशीर्वाद.

नाही बघितली.

पहिल्या पाळीला मी अंधारात निघायचो, आणि दुसरी असली की सकाळी उशिरापर्यंत झोपायचो. आमचा हॉल तुला माहीत आहे, शेजारच्या इमारतीने खिडकी झाकली आहे, रविवारीसुद्धा ट्यूब चालू. केशर दुपारी फुलदाण्या धुवायची, गॅलरीत वाळवायची आणि मी कामावरून यायच्या, निवृत्तीनंतर दुपारच्या झोपेतून उठायच्या आत कपाटात मांडून ठेवायची. एकदा नीट उजेडात बघा, असं ती मला म्हणायची. मी उठून दुसरी ट्यूब लावायचो. मग ती हसायची. मला वाटायचं, हरली म्हणून हसते.

पुण्याचे अमृतराव म्हणून एक जण जुनी काच जमवतात, केशर त्यांना विचारायची. त्यांना फोन केला. तेही हसले. म्हणाले, काही काचेत एक खनिज मिसळतात, ती उन्हात आणि पिवळ्या बल्बखाली जांभळी दिसते, ट्यूबखाली निळी. त्या काळी चेक कारखान्यांत अशी काच बरीच होत असे. तुम्ही सांगता त्यावरून पाकळ्यांची कापणीही तिकडचीच वाटते. चेक लिहा, पण लेबल नाही म्हणून आधी बहुधा हा शब्द घाला. तेव्हा भांडण केशरने जिंकलं. बहुधा हा शब्द तेवढा माझ्या वाट्याला आला.

मी तुला जे लिहिलं ते विसरून जा. रविवारी पहिल्या एस्टीने येतो. फुलदाणी मागायला नाही. तेवढी ती सकाळी कठड्यावर ठेव, आणि रामहरीरावांना सांग, ट्यूब परत करून टाका.

मनात काही ठेवू नये, माया ठेवावी.

दाजी


सावेडी
२१ फेब्रुवारी

चि. सौ. चांगुणा हिस अनेक आशीर्वाद.

कालचं वर्षश्राद्ध नीट पार पडलं, त्यात तुझे फार कष्ट झाले. गर्दीत बोलणं झालं नाही म्हणून लिहितो.

त्या रविवारी तू बळेच माझ्या पिशवीत घातलेली फुलदाणी एस्टीत मांडीवर धरून आणली होती. शेजारच्या बाईंनी काचेकडे बघितलंही नाही. बाजरी कुठल्या वाणाची, एवढंच विचारलं. कणसं मी तशीच ठेवली आहेत.

चिठ्ठी लावली: बहुधा चेक, साधारण साठ साल. रंगापुढे आधी निळा लिहिलं, ते खोडलं. शेवटी लिहिलं: दिवसा केशर म्हणायची तो, रात्री मी म्हणतो तो. काल लोकांनी वाचलं, कुणाला कळलं नाही. तू तोंडाला पदर लावलेला मी पाहिला. हसत होतीस की रडत होतीस, ते विचारलं नाही.

सकाळी ती गॅलरीत ठेवतो आणि शेजारी चहा घेऊन बसतो, बिस्किटांसह. संध्याकाळी आत आणतो. ट्यूब लावायची वेळ झाली तरी हल्ली जरा उशीरच करतो. तेवढा वेळ तिचंच खरं.

तुझी माया आहे, ती अशीच राहू दे.

तुझा,
अजिनाथ दाजी