तुला कळत होतं का

आई, आज वर्गात एका मुलीने विचारलं, "मॅडम, माणूसच उरला नाही तर या विश्वाला काही फरक पडेल का?" मी नुकतंच माझं ठरलेलं बोलून मोकळी झाले होते. अब्जावधी तारे जळतायत, पण आपण जळतोय हे त्यांना ठाऊक नाही. एवढ्या अफाट पसाऱ्यात, आपल्या माहितीत तरी, या एकाच ठिकाणी ते कुणालातरी कळतं. वीस वर्षं हेच ऐकवते आहे. मुलं गप्प होतात, मला बरं वाटतं. आज मात्र तास तिथेच संपवला. फळा पुसला, घरी आले आणि तुझ्याशी बोलावंसं वाटलं.

दसऱ्याचा आदला दिवस. मखमलाबादच्या आपल्या मळ्याच्या बांधाला टेम्पो उभा आहे, व्यापारी घाई करतोय आणि झेंडूचे दोन क्रेट कमी पडतायत. दिवेलागण झालेली. मी टोपली घेऊन सरीत शिरते, तर तू माझं मनगट धरतेस. "निजली ती आता. हात नको लावू." मी तेव्हा बारावी सायन्सला, म्हणजे शहाणपण नुसतं उतू जात होतं. "झाडाला मेंदू नसतो, आई. त्याला काय कळणार?" तू शांतपणे म्हणालीस, "तुला काय ठाव? तू झाड हाय का?" टेम्पो तसाच गेला आणि मी आठ दिवस तुझ्यावर धुसफुसत राहिले. त्यातच मला खोकला झाला. संध्याकाळी काढ्याला तुळशीची पानं हवी होती, तर तू आधी तिच्यापाशी हलकीच टाळी वाजवलीस, तिला जागं केलंस आणि मगच चार पानं खुडलीस. मला हसू आलं होतं. आता वाटतं, तुझा तरी कुठे ठाम दावा होता? ठाऊक नाही तिथे तू सांभाळून वागत होतीस, एवढंच.

मला ते जमलं नाही. तुझ्या मेंदूत रक्तस्राव झाला त्याच्या नवव्या दिवशीची दुपार. डॉक्टर सांगून गेले होते की आता पेशंटला काही कळत नाही. मी ते लगेच मान्य केलं. शिकलेली ना मी. दादा पिंपळगावहून आला, तुझ्या पायाशी उभा राहिला. मी तुझ्या उशाशी बसून, अगदी सरळ आवाजात त्याला म्हणाले, "आता सुटली तर बरं. मला तरी रजा किती दिवस मिळणार?" दादाने तुझ्याकडे पाहिलं. "हळू बोल," तो म्हणाला. "तिला नाय ऐकू येत," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

याला अकरा वर्षं झाली. मेंदूवरचं हाती लागेल ते वाचून काढलं. बेशुद्ध दिसणाऱ्या काहींना ऐकू येत असतं, काहींना नसतं. तुझं काय होतं, ते कोणत्याच पुस्तकात सापडणार नाही. मला त्या वाक्याची फार लाज वाटते. कळणं हीच या पसाऱ्यातली सगळ्यांत मोलाची गोष्ट, असं मी मुलांना सांगते आणि मनातल्या मनात मागते की त्या दुपारची पाच मिनिटं तरी तुझ्यात ते नसू दे.

म्हणून हे पाठवायची सोय असती, तरी मी पाठवलं नसतं. तुला तेव्हा ऐकू आलं नसेल, तर ते आता माझ्याकडून कळायला नको.