पत्र्याचा आवाज

३ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

तुझं पाकीट मिळालं. आत नखाएवढा पेनड्राइव्ह आणि चार पानी सूचना. घशाचं ऑपरेशन होऊन आवाज गेला की लोक बहिणीला फळं पाठवतात, तू लिनक्स पाठवलंस! तो पाटीएवढा जुना नोटबुक कॉम्प्युटर तूच, स्वतःला नवा घेताना, माझ्या गळ्यात मारला होतास. तो सुरू होईपर्यंत माझा स्वयंपाक उरकतो. दुकानदार तर त्याच्याकडे बघून हसलाच. आणि हे ध्यान म्हणे आता माझ्या वतीने बोलणार!

खरा जाच पाटीचा आहे. मी पाटीवर अर्धं वाक्य लिहिते, तोवर आमचे हे, उरलेलं आपल्या मनाने ठरवून, मान डोलावून निघूनही जातात. पाटीवर भांडता येत नाही रे. रविवारी नऊला तुझ्याशी फोनवर तासभर वाद घालायचे, तेही गेलं. तू मोबाइलही घेत नाहीस, म्हणजे आता पोस्टमनच्या जिवावर भांडायचं.

डोकं ठिकाणावर असेल त्या दिवशी उत्तर दे. लोभ आहेच, नाइलाज आहे.

ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कोर्टात टायपिस्ट असताना भल्याभल्या वकिलांच्या चुका काढल्यास आणि माझी चार पानं वाचवत नाहीत? नोटबुक ठणठणीत आहे. तो चालवणारी जी प्रणाली त्याच्यावर आधी बसवलीय ती एवढ्याशा मेमरीला झेपत नाही, म्हणून तिच्या जागी सगळ्यात हलकं लिनक्स शोधलं. टाइप केलेलं मराठीत मोठ्याने वाचणारा प्रोग्राम मी त्यातच घालून दिलाय.

पेनड्राइव्ह लाव, मशीन सुरू करताना एफ-बारा दाबत राहा, यादीतून पेनड्राइव्ह निवड. डिस्क पुसू का असं विचारेल, हो म्हण. आत तुझ्या लग्नाचे फोटो नाहीत. आणि भाऊजींना लांब ठेव, नाहीतर ते मदत करतील.

राग पुढच्या पत्रासाठी राखून ठेव, लोभ आत्ताच असू दे.

खटपट्या

१७ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

बसलं बाई एकदाचं तुझं लिनक्स. बसल्या बसल्या म्हणालं, वायफाय सापडत नाही. ते सापडायला लागणारी फाइल इंटरनेटवरून घ्यायची, आणि इंटरनेट यायचं वायफायवरून! ही अक्कल ज्याने चालवली तो नक्की आपल्या घराण्यातला. शेवटी राउटरला वायर जोडली. मग कीबोर्ड. मी लिहायला गेले ‘पाणी’ आणि पडद्यावर भलतंच. तू तुझ्या सवयीची अक्षरं ठेवलीस, माझी बोटं टाइपरायटरची. ती मांडणी सेटिंगमध्ये मीच शोधून लावली. तुझ्या चार पानांत तिचा उल्लेख नाही, शहाण्या.

आवाज मात्र भयानक. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कुणी पाढे म्हणतंय जसं. माझा आवाज इतका वाईट कधीच नव्हता, तू काहीही म्हण. तरी काल ह्यांना, ओला टॉवेल पलंगावर टाकू नका, हे अख्खं वाक्य ऐकवलं. मधे तोडता येईना. हे उभेच राहिले, मग टॉवेल उचलला आणि त्यानेच डोळे पुसले. मीही रडले.

आणखी एक गंमत योजली आहे. ती कळली की लोभ वाढेल तुझा.

ताई

२५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टाइपरायटरचं विसरलो, मान्य. तुझी बोटं मागच्या शतकात राहतात हे ध्यानात ठेवायला हवं होतं.

गंमत काही अजून कळली नाही. इकडे नुसता वैताग. रविवारी कुठल्याशा कंपनीच्या यंत्राने लागोपाठ तीनदा फोन केला. कर्ज नाहीतर विमा, दुसरं काय! पहिला शब्द ऐकला की मी फोन आपटत होतो. तिसऱ्यांदा सुनावलं, डबड्या, तुझ्या मालकाला म्हणावं माणूस बसव बोलायला, आणि पुन्हा फोन केलास तर पत्रा सोलून काढीन.

तुझा लोभ निदान पत्राने तरी येऊ दे.

खटपट्या

३ मार्च

खटपट्या,
आशीर्वाद आज अर्धेच.

ते डबडं मी होते.

तुला फोनवर ऐकवायला दीड पान टाइप करून ठेवलं होतं. तुझ्या लिनक्सची यथेच्छ निंदा, आणि शेवटी एक ओळ कौतुकाची. जन्मात तुला कधी नमस्कार केला नाही, पण यंत्राची पहिलीच वेळ म्हणून सुरुवातीला ‘नमस्कार’ घातला, तोच नडला. तिन्ही वेळा तेवढंच बोलू दिलंस. हे माझ्या शेजारी बसून पोट धरून हसत होते. मला हसू आलं नाही. ऑपरेशननंतर पहिल्यांदा तुझा आवाज ऐकला आणि त्यात शिव्या. त्याही गोड लागल्या, याची लाज वाटते.

लोभ मागू नकोस.

ताई

८ मार्च

ती. ताईस,
दंडवत.

गाढव म्हण, कमीच आहे.

पण एक सांगतो. तू फोन करू शकत नाहीस हे ठाऊक असूनही मी दर रविवारी नऊला फोनपाशी बसतो. सवय जात नाही. त्या दिवशी घंटा वाजली आणि वेड्यासारखं वाटलं, ताईच. उचलला तर पत्र्याचा आवाज. पुन्हा वाजली, पुन्हा तेच वाटलं. तिसऱ्यांदाही. तो आवाज तुझा नाही म्हणून एवढा पेटलो गं.

या रविवारी कर. नमस्कार गाळ, शिव्यांपासून सुरू कर. दीड पान संपेपर्यंत मी मधे बोलणार नाही.

फोनपाशी बसलेला,
खटपट्या